यूबीएलकेवर स्वतःचा ड्रायव्हर, मोठी फाइल टाकली की लॅपटॉप ठप्प

देवगडवाला:
मंडळी, यूबीएलके (डिस्कचा ड्रायव्हर साध्या प्रोग्रामसारखा लिहू देणारी लिनक्सची सोय) वापरून युजर स्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेर, ब्लॉक ड्रायव्हर लिहिलाय, डेटा कॉम्प्रेस करून एका साध्या फाइलमध्ये ठेवायचा एवढंच काम. कर्नल ६.८. वर एक्स्ट४ फाइलसिस्टम टाकलीय, छोट्या फाइली मस्त जातात. पण ४ जीबी रॅमवर ७ जीबीची फाइल कॉपी केली की डीमन (माझा ड्रायव्हर प्रोग्राम) डी स्टेटमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये वाट बघत अडकलेला, किल -९ ने मारला तरी दाद देत नाही. कर्नल पडू नये म्हणूनच तर युजर स्पेसमध्ये आलो ना राव, मग फायदा काय झाला?

वाशिष्ठीकाठ:
प्रत्येक रिक्वेस्टला मॅलॉक करून नवी मेमरी मागतोस ना? तिथेच घोळ. रॅम भरली की कर्नल म्हणतो थांब, आधी डर्टी पेजेस (रॅममधला, डिस्कवर अजून न गेलेला डेटा) लिहून जागा करतो. ती पेजेस तुझ्याच डिव्हाइसची, लिहिणार तुझाच डीमन, आणि तो बसलाय मेमरीची वाट बघत. साकवावर दोन्हीकडून दोघं शिरलेत नि मागे कोणीच सरत नाही.
सुरुवातीलाच पीआर-सेट-आयओ-फ्लशर लाव, ५.६ पासून आहे, मग त्या प्रोसेसने मेमरी मागितली तरी कर्नल त्यापायी आयओ सुरू करत नाही. बफर आधीच घेऊन ठेव, एमलॉकऑल मार म्हणजे डीमनची मेमरी रॅममध्येच राहील, खालची फाइल ओ-डायरेक्टने उघड म्हणजे लिहिताना कर्नलची कॅश मध्ये येणार नाही.
फायदा म्हणशील तर युजर रिकव्हरीचा फ्लॅग लावलास तर डीमन मेला तरी डिव्हाइस राहतं, नवा डीमन येऊन जोडून घेतो. कर्नल मॉड्यूलमध्ये कर बघू असं.

मालवणी_बाइट:
एनबीडीच्या (नेटवर्कवरची डिस्क) वेळेक माका पण ह्योच ताप झालो, सर्व्हर नि क्लायंट एकाच मशीनवर ठेवले होते. आणि त्या डिव्हाइसवर स्वॅप चुकूनही ठेवू नको.

देवगडवाला:
फ्लशर आणि आधी घेतलेले बफर, दोन्ही केलं, ७ जीबी गेली!! पण संध्याकाळी पाऊस सुरू झाला, लाइट गेली (नेहमीचंच), बॅटरी मेलेली, परत चालू केलं तर एक्स्ट४ माउंटच होईना.

वाशिष्ठीकाठ:
फ्लशला, म्हणजे कर्नल 'आतापर्यंतचं सगळं डिस्कवर पक्कं कर' म्हणतो तेव्हा, काय करतोस?

देवगडवाला:
फ्लश येतच नाही, लॉगमध्ये एकही नाही.

वाशिष्ठीकाठ:
येणार कसा, पॅरामीटरमध्ये व्होलटाइल कॅश (लाइट गेली की उडणारी) आहे हे सांगितलंच नसशील. ते सांगितल्याशिवाय कर्नल फ्लश पाठवतच नाही. आला की एफडेटासिंक करून डेटा खरोखर डिस्कवर उतरव, मगच ओके म्हण. आणि कुठला ब्लॉक फाइलमध्ये कुठे आहे तो मॅप डिस्कवर कधी लिहितोस?

देवगडवाला:
डीमन बंद करताना 🙈

मालवणी_बाइट:
मेल्या, आणि रवतंस देवगडात!