रेशीम घरी धुता का? मग आधी काय बघता?

पैठणी, इरकल, टसरचे कुर्ते, रेशमी ब्लाउज, सोवळ्याचे मुकटे. यातलं घरी काय धुता, ड्रायक्लीनला काय देता आणि ते ठरवता कशावरून? मोजमापासकट लिहा. ‘हलक्या हाताने धुवावे’ एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

*

रेशीम पाण्याला भीत नाही. कोश उकळूनच धागा निघतो. भ्यायचं ते रंगाला, जरीला आणि अस्तराला. एकरंगी, बिनअस्तराचा मुकटा म्हणूनच धुवायला सर्वांत सोपा.

रंग असा बघा: नेसताना आत खोचला जातो तो कोपरा घ्या. पांढऱ्या कापसाचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून त्यावर मिनिटभर दाबून धरा. अंग, काठ आणि पदर, तिन्हीकडे वेगळा बोळा, कारण तिन्हींचे रंग वेगळे. बोळ्याला छटा आली आणि साडी दोन विरोधी रंगांची असेल तर पाणी नकोच. मग तो ओला भाग वाळू द्या. टसरवर बऱ्याचदा थेंबाची कडा उमटते. तसं झालं तर एक डाग पुसत बसू नये, धुवायचा तर अख्खा कपडा एकदम भिजवावा.

*

फॉलकडे कुणी बघतच नाही! सुती फॉल न भिजवता लावला असेल तर पहिल्याच पाण्यात आटतो आणि खालच्या काठाला कायमच्या चुण्या पडतात. गडद फॉल रंगही सोडतो. धुण्याआधी उसवा. नवा लावताना रात्रभर पाण्यात ठेवून, वाळवून, इस्त्री करून मगच लावा. ब्लाउजच्या अस्तराचंही तेच. पॅड किंवा कॅनव्हास असेल तर घरी हात लावू नका.

*

धुणं एकूण पाच मिनिटांचं. अर्धी बादली गार पाणी, साधारण ८ लिटर, त्यात २ चमचे ईझीसारखं लोकरीचं लिक्विड. नेहमीची पावडर नको. ती अल्कलीयुक्त असते, शिवाय बऱ्याच पावडरींत प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स असतात आणि रेशीम हे प्रथिनच. ब्लीचचं तर नावच नको.

कपडा ३ मिनिटं वरखाली बुचकळा, भिजत घालू नका. चोळलंत तर ओले तंतू फुटतात आणि तिथे पांढुरकी, लवदार रेघ दिसते. रंग गेलासा वाटतो, पण उजेडात तिरकं धरून बघा: बारीक केस उभे राहिलेले असतात. त्याला इलाज नाही.

तीन पाण्यांतून काढा. बोअरचं जड पाणी असेल आणि कपड्याला जर नसेल, तर शेवटच्या पाण्यात १ चमचा पांढरं व्हिनेगर. साबणाचा थर निघतो, चमक येते. पिळायचं नाही. जुन्या टॉवेलात गुंडाळी करून दाबा आणि सावलीत जाड दांडीवर टाका.

*

रिठ्यांवर माझा जास्त भरवसा. ८-१० रिठे बिया काढून १ लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी १० मिनिटं उकळी, गार करून दुहेरी फडक्यातून गाळा. चोथा राहिला तर तपकिरी ठिपके पडतात. मोतिया, पांढऱ्या रेशमाला मात्र रिठा वापरू नका, पिवळट झाक येते.

*

जरीची साडी घरी धुऊच नये, असं माझं स्पष्ट मत. खरी जरी म्हणजे रेशमी धाग्याभोवती चांदीची तार, वर सोन्याचं पाणी. काळी पडली म्हणून चिंच-लिंबू लावून घासलंत तर ते सोन्याचं पाणी जातं, खाली चांदी उघडी. अत्तर काठावर मारू नका, डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका. मलमलीत गुंडाळून तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर तार घडीवरच तुटते. आणि पेट्रोलने घरी धुण्याचा जुना सल्ला विसरा; वाफ एका ठिणगीने पेटते.

*

डागांचं थोडक्यात. तेल-तूप: पाणी न लावता कॉर्नफ्लोअर किंवा टाल्कम दाबून रात्रभर, सकाळी मऊ ब्रशने झटका. हळदीला साबण लावू नका, अल्कलीने ती लाल होते. ड्रायक्लीनवाल्याला डाग कशाचा हे सांगून द्या, कारण तेलाला आणि सरबताला वेगळं औषध लागतं.

*

इस्त्री राहिली. कपडा दमट असतानाच, उलट बाजूने, वर मलमल घालून, इस्त्री ‘सिल्क’वर. वाळल्यावर पाणी शिंपडायचं नाही, त्याचेच डाग पडतात.