मदत हवी आहे: मधल्या सुट्टीनंतर वर्ग शांतच होत नाही (सहावी, पट 46)

प्रश्न

शिक्षणसेवक म्हणून पहिलंच वर्ष. सहावीला गणित शिकवते. तास 35 मिनिटांचा, पण मधल्या सुट्टीनंतरच्या तासाची दहा-बारा मिनिटं वर्ग शांत करण्यातच जातात. ओरडून घसा बसतो. मॉनिटरला बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला सांगितली, तर भांडणं वाढली. सगळ्या वर्गाला उभं केलं, तर दोन मिनिटांत पुन्हा तेच. स्टाफरूममध्ये सल्ला मिळतो, "छडी ठेवा." ती मला ठेवायची नाही. मग नेमकं काय करू?

प्रतिसाद 1

छडी ठेवायची नाही हे तुमचं अगदी बरोबर आहे, त्यावर ठाम राहा. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे, आणि मोडल्यास शिस्तभंगाची कारवाई होते.

आता मूळ दुखणं. गोंधळ शिकवताना कमी होतो, रिकाम्या मिनिटांत जास्त होतो. मुलं घामाघूम होऊन आत येतात, फळा कोरा असतो आणि बाई हजेरीपट शोधत असतात. तिथेच वर्ग हातचा जातो.

त्यामुळे सुट्टी व्हायच्या आधीच फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तीन उदाहरणं लिहून ठेवा. कालच्याच धड्यातली, सोपी, न विचारता सोडवता येतील अशी. नवा भाग घातलात तर "बाई, हे कसं करायचं?" म्हणून वीस हात वर होतील. घंटा झाली की दारात उभं राहा, एका वेळी दोघंदोघं आत सोडा. पाणी पिणं दाराबाहेरच उरकायचं. आत गेलं की वही, तारीख, पहिलं उदाहरण. पाच मिनिटं हेच. हजेरी तोवर डोकी मोजून घ्या, नावं पुकारू नका.

हे एकदा सांगून जमत नाही, कवायतीसारखं करून घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं खर्च करा: बाहेर न्या, आत आणा, गडबड झाली तर न रागावता पुन्हा. आठवडाभर रोज. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं हमखास विसरतात, तेव्हा परत दोन दिवस.

आणि गोंगाटावर आवाज चढवून शिकवायला सुरुवात करू नका. तुमचं पहिलं वाक्य ऐकलं नाही तरी चालतं, हे मुलं त्यातूनच शिकतात. हात वर करा, थांबा. पाच-सहा जण शांत होतील, त्यांच्याकडे बघून मान हलवा. वीस सेकंद फार मोठे वाटतात, तरी थांबा. मग नेहमीपेक्षा हळू आवाजात बोला.

प्रतिसाद 2

फळ्यावर नावं लिहिणं आजच बंद करा. अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती न्यायनिवाडा दिला की तो मित्राला वाचवतो आणि नावडत्याला अडकवतो. मॉनिटरला काम द्या: वह्या वाटणं, फळा पुसणं. वह्यासुद्धा रांगेच्या पहिल्या बाकावर गठ्ठा ठेवून मागे सरकवत न्या. एकेकाला हाक मारत 46 वह्या वाटायच्या म्हणजे पुन्हा पाच मिनिटं रिकामी.

सगळ्यांना उभं करण्यातही तोटाच आहे. जे गप्प होते त्यांना कळतं की गप्प राहून फायदा नाही.

एखादा बोलतोय? शिकवणं न थांबवता त्याच्या बाकापाशी जा, वहीवर बोट ठेवा, "दुसरं कर" एवढंच म्हणा आणि पुढे सरका. चारचौघांत झापलं की त्याला उलट उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर मित्रांत त्याची किंमत जाते.

सतत बोलणारे चार-पाच असतीलच. त्यांना बाजूला घेऊन एक शाब्दिक उदाहरण मोठ्याने वाचायला लावा. कितीतरी वेळा वाचताच येत नसतं, म्हणून वेळ काढायला बडबड. मागच्या बाकावरून फळा दिसतो का, हेही विचारा. खिडकीच्या उजेडाने फळा चमकत असेल तर जागा बदला. अशा मुलाच्या पालकांना पहिला फोन तक्रारीचा नको, जमलेल्या एखाद्या गोष्टीचा करा.

प्रश्नकर्ती

खूप आभार. शंका एकच: हुशार मुलं तीन उदाहरणं दोन मिनिटांत संपवतील. मग तीच बोलायला लागतील ना?

प्रतिसाद 1

लागतील, म्हणून चौथं उदाहरण चांदणी काढून ठेवा. त्यात सोडवायचं काही नाही, रचायचं आहे: "उत्तर 3/4 येईल अशी अपूर्णांकांच्या दोन बेरजा तयार करा." त्यातली एक फळ्यावर घ्या आणि तिथूनच त्या दिवसाचा धडा सुरू करा. पहिले आठ-दहा दिवस डळमळीत जातील, पद्धत बदलू नका. बाराऐवजी सात मिनिटं गेली तरी ती तुमची कमाई आहे, वहीत नोंदवून ठेवा.