मदत हवी आहे : थर्मोपिलीचे ७०० थेस्पियन
मंडळी, थर्मोपिलीची लढाई (इ.स.पू. ४८०, ग्रीक विरुद्ध इराणी) म्हटली की गाडी स्पार्टाचा राजा लिओनिदास आणि त्याच्या ३०० स्पार्टनांवरच अडते. पण बाकी सैन्य परतल्यावर सेनानी डेमोफिलसचे ७०० थेस्पियनही (थेस्पियाई या ग्रीक नगराचे लोक) स्वखुशीने मागे थांबले होते ना! ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, भाले मोडल्यावर हे लोक टेकाडावर तलवारींनी आणि शेवटी हातांनी, दातांनीसुद्धा लढले. १९३९ साली पुरातत्त्वज्ञ मारिनातोसला तिथे बाणांची टोकं सापडली, ढिगाने.

स्पार्टनांचं समजू शकतो, लहानपणापासून तेच शिक्षण. थेस्पियाईसारख्या लहानशा नगराने मात्र एवढी माणसं का पणाला लावली? पुढे इराणी सम्राट झर्क्सीसने ते जाळलंच. वर्षभराने प्लाटियाच्या लढाईला उरलेले १८०० थेस्पियन आले, तेही जड शस्त्रांशिवाय.

कोणी यावर नीट वाचलंय का? मराठीत काही असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर इंग्रजीही चालेल.