ब्रिटिश कुटुंबे उन्हाळ्याची सुट्टी कुठे घालवतात?

प्रश्न : इंग्लंडमधील शाळांना जुलैअखेरपासून साधारण सहा आठवडे सुट्टी असते. या काळात तेथील सर्वसामान्य कुटुंबे नेमकी कुठे जातात, आणि ब्लॅकपूलसारख्या जुन्या किनारी गावांकडे अजूनही कोणी वळते का?

प्रतिसाद १ : परदेशी जाणाऱ्यांची पहिली पसंती स्पेनलाच आहे. मायोर्का किंवा कॅनरी बेटांवर विमान, हॉटेल आणि जेवण एकाच रकमेत मिळते. शिवाय ऊन हमखास मिळते, ज्याची खात्री मायदेशात भर जुलैमध्येही देता येत नाही.

प्रतिसाद २ : तरीही देशातच राहणारे कमी नाहीत. ब्लॅकपूलला आजही गर्दी होते, १९३६ मध्ये स्केगनेस या किनारी गावी सुरू झालेला बटलिन्स कंपनीचा सुट्टीचा कॅम्प अजून चालू आहे, आणि नैऋत्य इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या अरुंद, दोन्ही बाजूंना उंच कुंपणे असलेल्या रस्त्यांवर समोरून कॅरॅव्हॅन (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर) आली की कोणाला तरी गाडी मागे घ्यावीच लागते. वाऱ्याला आडोसा म्हणून वाळूत कापडी पडदा रोवून, स्वेटर घालून बसलेली कुटुंबे मात्र पाहण्यासारखी असतात!

प्रतिसाद ३ : खर्चाचा मुद्दा राहिलाच. सुट्टी लागताच दर चढतात, म्हणून काही पालक शाळा बुडवून आधीच जातात. इंग्लंडमध्ये त्याबद्दल प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड दंड होऊ शकतो, तरीही हिशेब परवडतो असे म्हणणारे आहेत.