१५ मिमीची मराठा फौज: बेस कसे करावेत, ठेवायची कशी?

शाहूपुरीकर (सातारा)
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १५ मिमीच्या मापाचे ५० छोटे मराठा घोडेस्वार आणि साधारण तेवढंच पायदळ रंगवून तयार आहे. मोगल माझा मित्र रंगवतोय. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडायचो, आता टेबलावर खेळायचंय. पहिलाच प्रसंग औरंगजेबाच्या साताऱ्याच्या वेढ्याचा घेतलाय, डिसेंबर १६९९ ते एप्रिल १७००. रोज अजिंक्यतारा डोळ्यांसमोर असताना दुसरी लढाई घ्यावीशी वाटेना.

अडलंय बेसवर, म्हणजे फिगर ज्यावर चिकटवायची त्या तळपट्टीवर. एकेक फिगर सुटी लावू की दोन-तीन एकत्र? तयार हिरवं गवत महाग पडतं, इथलं काही चालेल का? आणि एवढं सगळं ठेवायचं कशात?

मिरजवाला
सगळे सुटे लावा. हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी वायसर घ्या, वजन खाली राहतं. ट्रेमध्ये मॅग्नेट शीट टाकली की गटानं उभे राहतात. कुणी पडला की तेवढाच उचलायचा.

विश्रामबागचा काका (सांगली)
मिरजवाल्यांचं पायदळाबद्दल पटतं, घोडदळाबद्दल नाही. तुमचं पायदळ म्हणजे गडावरची शिबंदी, किल्लेदार प्रयागजी प्रभूंची माणसं. ती तटावर, बुरुजावर, दरवाज्यात उभी राहणार. तिथं रुंद बेस मावत नाही, म्हणून वायसरच योग्य. सुटा स्वार मात्र उचलायला गेलं की चिमटीत भाला येतो नाहीतर घोड्याचं डोकं, आणि रंग पहिल्यांदा तिथलाच उडतो. बेसला धरून उचलता आलं पाहिजे.

रुंदी ४० मिमी ठेवा. टेबलावरच्या लढायांचे डीबीए नावाचे नियम आहेत, त्यांत १५ मिमीला हीच रुंदी आहे. डीबीए १५०० सालाच्या आसपास थांबतं, त्यात आपले मराठे येत नाहीत. १७०० पर्यंतच्या लढायांसाठी त्याच घराण्यातलं डीबीआर आहे, आणि रुंदी तिथंही तीच. त्यामुळे पुढे नियम बदलले तरी चिकटवलेलं उपटायला लागत नाही. एका बेसवर मराठे दोनच, थोडे तिरके, एक पुढे एक मागे. मित्राला सांगा, चिलखतवाले मोगल स्वार तीन, एका रांगेत. बघणाऱ्याला लांबूनही कळतं की कोण अंगावर येणार आणि कोण हूल देऊन निसटणार. बाहेर आपल्या फौजा मोगलांची रसद तोडत फिरत होत्या, त्यांची चाल या दोन फिगरांच्या मोकळ्या बेसमध्ये दिसते. माझ्या मते बेसिंगमधलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, गवत-माती त्यानंतर.

आता गवत. हिरवं घेऊच नका! वेढा डिसेंबरात बसला आणि गड एप्रिलात गेला. त्या महिन्यांत अजिंक्यताऱ्याचा उतार कसा असतो, तुम्हाला मी सांगायला नको. पिवळं वाळलेलं गवत, मधून उघडा काळा दगड. परदेशी फौजांचे फोटो बघून आपण हिरवळ लावतो, ती तिकडच्या कुरणांची. इथल्या बेसला लढाईची तारीख बघून रंग द्यावा. प्रतापगडाची लढाई १० नोव्हेंबर १६५९ ची. ती केलीत तर जावळीच्या रानाला हिरवा शोभेल.

दगडमातीसाठी बांधकामावरची मूठभर क्रश सँड पुरते. आपल्याकडे ती काळ्या दगडाचीच असते, म्हणजे गडाचाच दगड बारीक केलेला. चहाच्या जुन्या गाळणीतून चाळा, वरचे खडे दगड म्हणून वापरा. थोडा लालसर मुरूम मिसळा, पण तो रस्त्याकडेचा घ्या. कासच्या पठारावरनं चिमूटभरही आणू नका, २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे आणि तिथल्या फुलांना ती पातळ मातीच आधार आहे. गवताला घायपाताचा वाख बारीक कातरून लावा. रंग द्यायलाही लागत नाही.

बेस कापायला एमडीएफ (लाकडाच्या भुश्याचा दाबून केलेला बोर्ड) ३ मिमीचं घ्या, २ मिमीचं वाकतं. फेव्हिकॉल वाळताना आकसतो आणि बेसची कडा वर ओढतो. म्हणून वाळू लावण्याआधी दोन्ही बाजूंना आणि कडांना रंगाचा हात द्या. पावसाळ्यात स्प्रेचं वार्निश मारू नका, दमट हवेत पांढरं धरतं. घाई असेल तर ब्रशनं लावा.

राहिली मांडणी. बखरकार सभासदानं शिवरायांच्या घोडदळाची रचना लिहून ठेवलीय: २५ घोड्यांना एक हवालदार, पाच हवाल्यांचा जुमला, दहा जुमल्यांचा हजारी. तुमचा एक बेस म्हणजे एक हवाला धरा. ५० स्वारांचे २५ बेस, म्हणजे पाच जुमले, ६२५ घोडा, बरोबर निम्मा हजारी. एका ट्रेमध्ये एक जुमला. बेसखाली जुमल्याचा आकडा लिहा आणि पाचही बेसवर घोड्यांच्या झुलीत एक रंग समान ठेवा, खेळताना गल्लत होत नाही. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असायचा. छावणीच्या बेसवर ते दोघे जरूर बसवा. तलवारी सगळेच रंगवतात, पण घोड्याला पाणी आणि नाल देणाऱ्याशिवाय हे घोडदळ एक मजलही गेलं नसतं.

शाहूपुरीकर
काका, हवाल्याचा हिशोब ऐकून अंगावर काटा आला. आजच बेस कापायला देतो. ट्रे स्टीलचे चालतील का, घरात ताटं आहेत. आणि मोगलांनी तटाखाली लावलेल्या सुरुंगाचं काय करू? तट बाहेर कोसळून मोगलच गाडले गेले, ते दाखवायचंच आहे.

विश्रामबागचा काका (सांगली)
ताटं नकोत. जेवणाच्या स्टीलला बहुतेक वेळा चुंबक धरत नाही. पत्र्याची कामं करणाऱ्याकडून साध्या लोखंडी पत्र्याचे ट्रे वाकवून घ्या, कडा बोटभर उंच. बेसखाली मॅग्नेट शीट, वायसरला काही नको, पण मग पायदळाच्या ट्रेमध्ये शीट अंथरा. दोन ट्रेमधलं अंतर सगळ्यात उंच भाल्यापेक्षा जास्त ठेवा.

सुरुंगासाठी तटाचा एक तुकडा सुटा करा, बेसच्याच रुंदीचा, ४० मिमी. तो पडला की समोर मोगलांचे जे बेस असतील ते उचलायचे. त्याजागी ठेवायला क्रश सँडचाच ढिगारा एका वेगळ्या बेसवर करून ठेवा, खिंडार पडल्यावर चढाईसुद्धा तिथूनच खेळता येईल.

मिरजवाला
घोडदळाबद्दल काकांचं मान्य. पत्रा मिरजेत कापून मिळेल, मापं टाका इथं.