चिवडी गाभण आहे, आणि संक्रांतीनंतर लेकही बाळंतपणाला येतेय

जेलरोडचे काका
१२ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडला राहतो. नोटप्रेसमधून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. मांजर पाळायचा विचार आयुष्यात कधी केला नव्हता. यंदा पावसाळ्यात एक तिरंगी मांजरी जिन्याखाली येऊन बसली ती बसलीच. पिवळा, काळा, पांढरा असा कालवलेला रंग, म्हणून बायकोने नाव ठेवलं चिवडी.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती तीन रात्री अशी ओरडत होती की वरच्या मजल्यावरच्यांनी येऊन विचारलं, घरात कुणी आजारी आहे का. खाली गल्लीत दोन बोके. एका रात्री दार उघडं राहिलं. आता पोट दोन्ही बाजूंनी सुटलंय, सड गुलाबी होऊन वर आलेत. यापुढे काय समजायचं ते समजलो.

बायकोच्या मते बाळंतीण ती बाळंतीण. ती चिवडीला डिंकाचा लाडू कुस्करून देते. चिवडी हुंगते आणि माझ्याकडे बघते. वाटीभर दूध मात्र प्यायली आणि दोन दिवस जुलाब. मग द्यायचं काय?

दुसरं, तिने व्यायला जागा हेरलीय ती दिवाणाच्या कप्प्यात, गोधड्यांमध्ये. तिथे आम्ही डांबरगोळ्या टाकतो. चालेल का?

तिसरी गोष्ट खऱ्या घोराची. लेकीला सातवा महिना लागलाय, संक्रांत झाली की ती इकडे येणार. विहीणबाईंचा रोज फोन, मांजराच्या घरात पोटुशी बाई नको म्हणून. बायको दोन्हीकडून बोलणी खातेय. चिवडीला गोणीत घालून कुठे लांब सोडून या, एवढा एक सल्ला सोडून काहीही सांगा.


त्रिमूर्ती चौकातली शिंपीण
१२ डिसेंबर, रात्री ११.०५

काका, आधी उठा आणि त्या डांबरगोळ्या काढून घराबाहेर टाका. उद्या नको, आत्ता. मांजराला ते विष आहे. वासाने त्रास होतो, अंगाला लागलं तर ती चाटून पोटात घेते. गोधड्या धुऊन उन्हात टाका. फरशीचं फिनाईलही बंद करा. ते पचवायची ताकद मांजराच्या यकृतात नसते आणि पिल्लं तर फरशीवरच सरपटणार. साबणाच्या पाण्याने पुसा, वर साध्या पाण्याचा हात मारा. आणि ती मलूल दिसली म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल देऊ नका. एका गोळीत मांजर जातं. मी शेजारणीचं गेलेलं पाहिलंय.

मी ब्लाऊज शिवते, माझ्याकडे गल्लीतल्या सहा मांजरी व्यायल्यात. डॉक्टर नाही, पण चुका करून शिकलेय.

लाडू तुम्ही खा. तिला दुकानात पिल्लांसाठी मिळतं ते खाद्य आणा. हो, पिल्लांचंच. गाभणपणात आणि पाजताना आईला तेच लागतं, कारण मोठ्या मांजराच्या खाद्यापेक्षा त्यात ताकद आणि प्रथिनं जास्त. जोडीला उकडलेलं चिकन किंवा अंडं, मीठ-मसाला न घालता. कांदा-लसणाचा तर रस्साही नको. आपल्याकडे लासलगाव हाकेवर, कांद्याशिवाय फोडणी पडत नाही, पण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कांद्याने फुटतात. एका वेळी जास्त खाणार नाही, पोटात जागाच उरत नाही. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं ठेवा. पाजायला लागली की दुप्पट, कधी त्याहून जास्त खाईल. तेव्हा मोजूनमापून देऊ नका, वाटी भरलेली ठेवा. दूध बंद. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. पाणी मात्र दोन ठिकाणी ठेवा.

दिवस ६३ ते ६५ धरा, दोन-तीन इकडे तिकडे. तुमच्या हिशेबाने नाताळ ते एक तारीख. खोकं आजच ठेवा, म्हणजे ती रुळेल. पुठ्ठ्याचं, ती आडवी पसरू शकेल एवढं. एका बाजूला दार कापा, पण खाली सहा बोटांची कड राहू द्या, नाहीतर पिल्लं बाहेर गडगडतात. आत जुनी सुती साडी किंवा चादर, घडी करून. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात. उसवलेली गोधडीही नको. दोरा पिल्लाच्या पायाला गुंडाळला गेला की पाय सुजतो, हे शिंपिणीकडून ऐका. खोकं अंधाऱ्या, माणसांची वर्दळ नसलेल्या कोपऱ्यात ठेवा. तरी ती तिथेच विईल असं नाही. आपण जागा द्यायची, पसंत करायची तिने.

वेळ जवळ आली की ती खाणं सोडते, कपडे उकरते, मधेच तुमच्या मागे मागे फिरते. तेव्हा गर्दी नको. लांबून बघा, घड्याळ लावा. जोरात कळा सुरू होऊन अर्धा तास झाला आणि पिल्लू नाही, किंवा पिल्लू अर्धं बाहेर येऊन अडकलं, किंवा पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट-काळं पाणी गेलं, तर डॉक्टरांना फोन. रात्री फोन उचलणारा डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा, त्या रात्री शोधायला जीव नसतो. दोन पिल्लांच्या मधे ती आरामात पडून आधीची पिल्लं चाटत, पाजत असेल तर तास-दोन तास गेले तरी घाबरू नका.

पिल्लू पिशवीसकट पडलं आणि मिनिटभरात तिने पिशवी फाडली नाही, तर स्वच्छ बोटांनी नाकाजवळ फाडा आणि सुती फडक्याने पाठ चोळा. नाळ ओढायची नाही. आणि काका, तुम्ही नोटप्रेसचे ना? मग तुमचं काम मोजण्याचं. प्रत्येक पिल्लामागे एक वार, म्हणजे नाळेच्या टोकाचा मांसल गोळा, पडते. ती खाऊन टाकते, खाऊ द्या, पण मोजा.

आता लेक. ज्याची भीती घालतात तो टोक्सोप्लाझ्मा, पोटातल्या बाळाला बाधू शकणारा एक बारीक परजीवी जंतू. तो मांजराच्या विष्ठेतून येतो, केसांतून नाही, मांडीवर बसण्यातून नाही. मांजराला पहिल्यांदा लागण झाली की एक-दोन आठवडेच तो बाहेर पडतो आणि पडल्यावर लागण करण्याइतका व्हायला त्याला किमान एक दिवस लागतो. म्हणून शीचा ट्रे रोज साफ करायचा, तुम्ही करायचा, लेकीने हात लावायचा नाही. चिवडीला आता बाहेर सोडू नका, कच्चं मांस देऊ नका, म्हणजे ती उंदीर-पाखरांतून नवीन काही आणणार नाही. माणसाला तो अर्धकच्च्या मटणातून, न धुतलेल्या कोथिंबिरीतून, बागेतल्या मातीतूनही येतो. विहीणबाईंना सांगा, कुंड्यांमध्ये हात घालू नये याचीही आठवण द्या लेकीला. आणि तिच्या डॉक्टरांना विचारा, रक्ताची तपासणी असते.


गंगापूररोड_१९
१३ डिसेंबर, सकाळी ७.१५

एवढी उठाठेव? आमच्या लहानपणी मांजरी माळ्यावर व्यायच्या, कुणाला कळायचंही नाही. पिल्लांना हात लावू नका, आई टाकून देते. सात घरं ती फिरवतेच.


त्रिमूर्ती चौकातली शिंपीण
१३ डिसेंबर, सकाळी ८.३०

माळ्यावर किती मेली तेही कळायचं नाही. पाळलेली मांजर ओळखीच्या हाताच्या वासाने पिल्लं टाकत नाही. जागा उघडी, गोंगाटाची किंवा घाण वाटली, बोका फिरकला, की ती उचलून दुसरीकडे नेते. सात घरं त्यासाठी.


सिन्नरवाला
१३ डिसेंबर, दुपारी २.१०

राम राम काका. माझ्याकडे चार गाई, मांजर गोठ्यातलं, उंदरांसाठी. ताईंनी सगळं सांगितलंय, दोनच गोष्टी टाकतो.

गाईला दगडी होते ना, कासदाह, तशी मांजरीलाही होते. रोज सडांवरून बोटं फिरवा. एखादा भाग घट्ट, तापलेला, लालभडक लागला, हात लावू देईना, पिल्लं उपाशी ओरडायला लागली, तर थांबू नका. उशीर झाला की तिथे पू होतो.

दुसरं, गाईचा दुग्धज्वर. तोही मांजरीला होतो. व्याल्यानंतर पहिल्या महिन्यात, दूध भरात असताना, रक्तातलं कॅल्शियम खाली जातं. आमच्या मांजरीला पाच पिल्लं होती. एक दिवस चालताना लटपटायला लागली, अंग थरथरत होतं, तोंड उघडं टाकून धापत होती. मला वाटलं काही चावलं. गाईंच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या ओळखलं, शिरेतून कॅल्शियम हळूहळू दिलं, तासाभरात उठली. घरी बसून बरं होणारं हे दुखणं नाही, जीव जातो. पण म्हणून आत्तापासून कॅल्शियमच्या गोळ्या चारू नका. आधीच बाहेरून मिळालं की शरीर हाडातलं काढायचं विसरतं आणि नेमकं दुधाच्या वेळी फसतं. गाईंच्या बाबतीत हे आम्ही महागात शिकलो.


जेलरोडचे काका
२८ डिसेंबर, सकाळी ६.५०

रात्रभर झोप नाही. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात तसली थंडी, आणि हिला आजचाच मुहूर्त.

खोकं दोन आठवडे तिच्या पसंतीचं होतं. त्यात झोपायची. आणि काल रात्री दीड वाजता गेली कुठे, तर कपाटाच्या खालच्या खणात, बायकोने नातवंडासाठी जमवलेल्या दुपट्यांच्या गठ्ठ्यावर. जुन्या सुती साड्यांची, चार वेळा धुतलेली दुपटी. बायको क्षणभर बघत राहिली, मग म्हणाली, असू दे, मी दुसरी शिवीन.

पहिलं २.१५ ला, दुसरं २.५०, तिसरं ३.१०. मग दीड तास काही नाही. मी फोन हातात घेऊन बसलो, पण ती पिल्लं चाटत होती, कळा देत नव्हती, म्हणून ताईंचं वाक्य आठवून गप्प राहिलो. चौथं ४.४०. ते पिशवीतच राहिलं, ती दमली होती. मी फाडली. ३४ वर्षांत कोऱ्या नोटांचा गठ्ठा हातात घेतानाही हात कापला नव्हता.

पिल्लं चार, वार मात्र तीनच मोजल्या. एक बहुतेक मी टॉर्च आणायला गेलो तेव्हा तिने खाल्ली असावी, पण खात्री नाही. काय करू?


त्रिमूर्ती चौकातली शिंपीण
२८ डिसेंबर, सकाळी ७.२०

अभिनंदन काका! चार दिवस लक्ष ठेवा. खाते-पिते, पिल्लांना जवळ घेते, तर खाल्लीच असेल. ताप, मलूलपणा, अंगावरून दुर्गंधी पाणी, यातलं काहीही दिसलं तर वार आत राहिली समजून दवाखाना. लालसर-तपकिरी थोडं थोडं जाणं दोन-तीन आठवडे चालतं.

थंडीचं बघा. पहिले काही आठवडे पिल्लांना स्वतःचं अंग नीट गरम ठेवता येत नाही. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून खणाच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको झाली तर सरकता येईल. खाली सगळीकडे ऊब देऊ नका, भाजतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा. रोज एकाच वेळी वजन. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं.


जेलरोडचे काका
३० डिसेंबर, रात्री १०.००

वही केली. जन्माचं वजन ग्रॅममध्ये: एक १०४, दोन ९८, तीन १०१, चार ७९. आज एक १२६, दोन ११७, तीन १२२. चार ७६.

चार नंबर हेच पिशवीतलं. बाकीची ढकलून देतात, ते कडेला पडून राहतं, पोट गार लागतंय. बायको कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजू का म्हणतेय.


त्रिमूर्ती चौकातली शिंपीण
३० डिसेंबर, रात्री १०.०८

नको! गार पिल्लाला काहीही पाजायचं नाही, पोटातलं पचत नाही आणि श्वासात जातं. आधी काकूंच्या पदरात, छातीशी धरून हळूहळू गरम करा, अर्धा तास तरी. मग मागच्या सडाला लावा, बाकी तिघांना दहा मिनिटं टोपलीत काढून. सकाळी उघडताक्षणी दवाखाना आणि तिथून मांजराच्या पिल्लांची दुधाची पावडर. गाईचं दूध त्याला पातळ पडतं, वर जुलाब. बाटली लावाल तेव्हा पोटावर पालथं ठेवून, आईकडे पितं तसं, उताणं कधीच नाही. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.


जेलरोडचे काका
१९ जानेवारी, संध्याकाळी ६.१५

उशिरा लिहितोय, माफ करा. डॉक्टर म्हणाले कमजोर आहे, बाकी दोष नाही. नऊ रात्री मी आणि बायको पाळीपाळीने उठलो. आज चार नंबर २४८, बाकीची ३६० च्या पुढे. डोळे सगळ्यांचे दहाव्या-अकराव्या दिवशी उघडले, त्याचे चौदाव्या. जंताचं पहिलं औषध दिलं, आईलाही. लस आठव्या आठवड्यात.

लेक परवा आली. तिच्या डॉक्टरांनी तपासणी केली, ट्रेला हात लावू नको एवढंच सांगितलं. ट्रे माझ्याकडे, सकाळी सहाला, वहीत खूण करून.

आता अडचण अशी. गल्लीत बोके परत ओरडायला लागलेत आणि चिवडी खिडकीत जाऊन बसते. पाजत असताना परत गाभण राहते का? डॉक्टरांनी ऑपरेशन पिल्लं सुटल्यावर, दूध आटल्यावर, मार्चच्या पहिल्या आठवड्यात सांगितलंय. लेकीची तारीखही तीच. तोवर खिडकी बंद ठेवली तर पुरेल?


त्रिमूर्ती चौकातली शिंपीण
१९ जानेवारी, संध्याकाळी ६.४०

राहते, पाजतानाही राहते. नुसती खिडकी बंद ठेवून पुरणार नाही, पाहुण्यांची ये-जा सुरू झाली की कुणीतरी उघडतंच. जाळी ठोकून घ्या, आणि दाराला आतून कडी. ऑपरेशनची तारीख पंधरा मार्च घ्या. काकू तेव्हा लेकीपाशी असतील, चिवडीला तुम्ही एकटे न्याल. लागलं तर मी येते, माझी स्कूटर आहे.