कौलर्पा हलवताना धावत्या दांड्याला कात्री लावू नका

खाऱ्या पाण्याच्या २० लिटरच्या टाकीतलं सगळं एका दिवसात ६० लिटरच्या नव्या टाकीत न्यायचं आणि जुनी वाळू धुऊन वापरायची, असा तुमचा बेत आहे. एका दिवसात नेणं ठीकच, पण वाळूबद्दल माझं मत वेगळं आहे. जुन्या वाळूचा खालचा काळा थर ढवळला की हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया पाण्यात उतरतो. नळाच्या पाण्याने खळखळून धुतलीत, तर उपयोगी जिवाणूही मरतात. वाळू नवीनच घ्या. खडक मात्र जुन्याच पाण्यात बुडवून न्या, जिवाणूंचं खरं घर तेच.

आता कौलर्पा, म्हणजे टाकीतलं समुद्री शेवाळ. हे अख्खं शेवाळ म्हणजे एकच लांबलचक पेशी. त्याचा आडवा पसरत जाणारा दांडा जिथे तुटतो तिथून आतला रस गळतो. शिवाय क्षारता किंवा प्रकाश एकदम बदलला, तर ते रातोरात प्रजननपेशी सोडून पांढरं, काचेसारखं पारदर्शक होतं आणि पाणी हिरवं-दुधी होतं. माझी एक अख्खी जुडी अशीच गेली, फार वाईट वाटलं होतं. म्हणून दांडा ज्या खडकाला धरून आहे त्या खडकासकट उचला. नव्या पाण्याची घनता (खारटपणाचं माप) १.०२५ असेल, तर जुन्याचीही तितकीच आहे ना, ते आधी मोजा. कीटोमॉर्फा या दुसऱ्या, तारांच्या गुंत्यासारख्या शेवाळाची एवढी काळजी नको, तो गुंता सरळ उचलून ठेवला तरी चालतो. फक्त झटकू नका, त्यात बारीक कोळंबीसारखे जीव असतात.

आणि पहिले काही आठवडे नायट्रेट (शेवाळाचं खाद्य) शून्यावर जाऊ देऊ नका. नव्या टाकीत शेवाळ उपाशी राहून विरघळतं.